आठ बोटं गळा

आमच्या ताईचा उजवा हात मी मोडला. म्हणजे मी तिला ढकललं वगैरे नाही. मी फक्त एक सूचना लिहिली.

मुलुंड पूर्वेला आमची चार मजल्यांची सोसायटी, बिनलिफ्टची. त्या वर्षी मी तिचा सेक्रेटरी होतो. वार्षिक सभेत मला डुलकी लागली आणि जाग आली तेव्हा लोक टाळ्या वाजवत होते, इतकीच माझ्या निवडणुकीची हकीकत. गच्चीवरच्या टाकीचा बॉल बिघडला होता. रोज पहाटे टाकी भरून वाहायची आणि पाणी जिन्यावरून ओघळत खाली यायचं. प्लंबरला बोलवायचं सोडून मी छानपैकी अक्षर काढून एक सूचना लिहिली : ‘जिना ओला असल्याने रहिवाशांनी जपून उतरावे.’ आणि ती तळमजल्यावर, पत्रपेट्यांच्या वर चिकटवली. म्हणजे ती वाचेपर्यंत माणूस जिना उतरून झालेला असायचा.

ताई दुसऱ्या मजल्यावरून घसरली. पहिल्या मजल्याच्या कठड्याला अडली, पण पडताना उजवा हात खाली टेकवला आणि मनगट गेलं. हाडांच्या डॉक्टरांकडे प्लास्टर ओलं असताना ती मला पहिलं वाक्य बोलली ते असं :

“तुझी सूचना वाचली रे. खाली पोचल्यावर.”

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. मी शाळेत असतानाच आई गेली, तेव्हापासून घरात आईचं काम ताईकडे. ती मुलींच्या शाळेत शिवण-विणकाम शिकवायची. निम्म्या मुलुंडच्या पोरींनी तिच्या हाताखाली रुमालाच्या कडा घातल्या असतील. तिनं लग्न केलं नाही. का केलं नाही, ते मी तिला कधी विचारलं नाही. बहुतेक उत्तर मीच असेन, या भीतीनं. माझं लग्न झालं तेव्हा तिनं कपाटाच्या किल्ल्या बायकोच्या हातात दिल्या आणि स्वतःकडे फक्त शिवणाची एक पेटी ठेवली. घरात तिनं कधी कशावर हक्क सांगितला नाही. एकदाच सांगितला. बायकोला दिवस गेल्याचं कळलं त्या संध्याकाळी चहाचा कप खाली ठेवत ती म्हणाली, “झबलं माझं.”

आमच्या घरात बारशाच्या दिवसापर्यंत बाळाला जुन्या धुतलेल्या लुगड्याची झबली. बारशाला अंगावर पहिलं नवं कापड चढतं ते आत्याच्या हातचं. बाजारचं चालत नाही. मला माझ्या आत्यानं केलं होतं, ताईला तिनंच. आता ताई आत्या होणार होती आणि दुसरं भावंड नसल्यामुळे ही आत्यागिरी तिला एवढ्या एकाच घरात करता येणार होती. एप्रिल अखेरची तारीख होती, म्हणजे बारसं ऐन मे महिन्याच्या उकाड्यात. लोकर नको म्हणून तिनं मऊ सुती दोऱ्याच्या पांढऱ्याशुभ्र लडी आणल्या होत्या, गुंडे केले होते आणि खालच्या काठाच्या चार बोटं ओळी विणूनही झाल्या होत्या. तेवढ्यात माझी सूचना आडवी आली.

प्लास्टर सहा आठवड्यांचं. त्यानंतरही बोटं नीट वळायला महिना लागेल, असं डॉक्टर म्हणाले.

बायको पहिलटकरीण, म्हणून घाटकोपरला माहेरी गेली होती. रविवारी आम्ही दोघं भेटायला गेलो तेव्हा सासूबाई प्लास्टरकडे बघून हळहळल्या आणि अगदी चांगल्या मनानं म्हणाल्या, “आता राहू द्या हो ताई. आम्ही छानसा तयार फ्रॉक आणू. हल्ली लेस लावलेले काय सुरेख मिळतात!” ताई हसून म्हणाली, “हो, आणा की.” घरी आल्यावर तिनं डाव्या हातानं सुयांसकट ते अर्धवट विणकाम उचललं, पेटीत ठेवलं आणि पेटी पलंगाखाली सरकवली. पेटी सरकताना फरशीवर जो आवाज झाला तो मला भलताच लागला.

मी म्हणालो, “ताई, मी विणतो.”

पडल्यापासून ती पहिल्यांदा मनापासून हसली. हसताना प्लास्टरचा हात दुखला म्हणून कण्हली आणि पुन्हा हसली.

“तू? तुला शर्टाचं बटण लावता येत नाही.”

“तू तोंडानं सांग. हात माझे वापर.”

“तुला वेळ आहे?”

वेळ कुठला? मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कारखान्यात मी तपासनीस होतो. लेथवर तयार झालेला प्रत्येक भाग मोजायचा, मापात नसेल तर लाल रंग फासून बाजूला टाकायचा, हे माझं काम. मोठी ऑर्डर आली होती, आठवड्यातून चार दिवस ओव्हरटाइम. सकाळी साडेसहाची बस, पवईच्या रस्त्यानं तासभर. संध्याकाळी घरी आलो की दारात कुणीतरी सभासद तक्रार घेऊन उभा. त्यात रॉकेलची रांग, घाटकोपरच्या फेऱ्या आणि एका हातानं पोळ्या लाटू पाहणाऱ्या बहिणीला स्वयंपाकघरातून हुसकणं. पण मी तोऱ्यात म्हणालो, “वेळ काढायचा असतो, ताई.” एक अट मात्र घातली : कुणाला कळता कामा नये. लोकांना सांगायचं की झबलं पडायच्या आधीच विणून झालं होतं.

“खोटं कशाला बोलायचं?” ताई म्हणाली. “विणणं म्हणजे काय चोरी आहे?”

“तुला नाही कळायचं. कारखान्यात माझी वाट लागेल.”

“बरं,” ताई म्हणाली.

शिकवणी सुरू झाली. ती पलंगावर, मी खाली सतरंजीवर. “सुई आत. दोरा वरून. ओढ बाहेर. सोड.” हे ती इतक्या वेळा म्हणाली असेल की समोरच्या बिऱ्हाडात पोपट असता तर तो विणायला लागला असता. माझी पहिली अडचण अशी की कारखान्याच्या सवयीनं मी प्रत्येक टाका आवळायचो. चौथ्या ओळीला सुई आत जाईना.

“अरे, नट आवळतोयस का? बाळानं त्यात श्वास घ्यायचाय.”

“सैल सोडला तर निसटतो.”

“निसटू दे. निसटलेला टाका उचलता येतो. आवळलेल्याचं काय करू?”

एका आठवड्यात सहा वेळा उसवलं, पहिल्या खेपेला ताईच्या त्या चार बोटं ओळींसकट. सातव्यांदा मात्र दोन बोटं विणकाम असं आलं की ताईनं त्यावरून डाव्या हाताचं बोट फिरवलं आणि पुढची ओळ सांगायला घेतली. विद्यार्थिनी तिला का घाबरायच्या आणि तरी तिच्यामागे का असायच्या, ते मला त्या दिवशी कळलं.

पण घरी मिळणाऱ्या अर्ध्या तासात मे महिना गाठणं शक्य नव्हतं. म्हणून मी झबलं बाहेर न्यायला लागलो. सोसायटीच्या सभेला फाईलच्या आड विणायचो. पाण्याच्या वेळेवरून दोन मजले एकमेकांचा उद्धार करत असताना मी मान खाली घालून फाईलमध्ये बघतोय म्हणून ‘सेक्रेटरी किती शांतपणे टिपणं काढतात’ असं माझं नाव झालं. बसमध्ये मांडीवर वर्तमानपत्र पसरून त्याखाली हात चालवायचो. एकदा पवईच्या जरा अलीकडे शेजारच्या सीटवरच्या बाई, कपाळावर मोठं कुंकू, मांडीवर भाजीची पिशवी, माझ्याकडे न बघता हळूच म्हणाल्या, “भाऊ, मघाशी एक टाका सुटला बघा. तीन ओळी खाली.”

मी कान तापेपर्यंत लाजलो. बाईंनी केसातली आकडा-पिन काढली, वर्तमानपत्राखाली हात घातला, टाका वर आणून दिला आणि मरोळ यायच्या आत सांगून टाकलं की पुढच्या ओळीला दोरा मागे ठेवा. त्या उतरून गेल्यावर मी वर्तमानपत्र बघितलं. ते उलटं पसरलेलं होतं.

कारखान्यात आमचे एक टर्नर होते, मालवणकडचे, पन्नाशी उलटलेले. सगळे त्यांना मिस्त्री म्हणायचे. त्यांच्या लेथवरचा एकही भाग मला कधी लाल करता आला नाही. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत तपासणीच्या खोलीत, मापाच्या टेबलाखाली हात घालून मी विणत असताना ते दारात येऊन उभे राहिले.

“काय रे, टेबलाखाली ह्या काय करतंस?”

“काही नाही मिस्त्री. गेज पुसतोय.”

“गेजाक दोरो कधीपासून फुटाक लागलो?”

मी झबलं वर काढलं. आता हा माणूस अख्ख्या शॉपभर बोंब मारणार, उद्यापासून मला ‘ताईबाई’ म्हणणार, सगळं डोळ्यांसमोर उभं राहिलं. मिस्त्रींनी तेलकट हात चिंधीला पुसले, झबलं उजेडात धरलं आणि टाके बघितले.

“बरा इणलंस. लाज कसली रे मेल्या? आमच्या गावाक जाळी कोण इणतत? बाप्येच इणतत. माझो बापूस पायाच्या आंगठ्याक दोरो बांधून दिवसभर इणीत बसायचो.” मग झबल्याची वरची कड ताणून म्हणाले, “आता एक ध्यानात ठेव. जाळ्याचा भोक माश्याच्या टकलेवरसून ठरवचा. अंगावरसून न्हय.”

“मिस्त्री, माशाचं डोकं मोजायला मी मासे नाही पकडत आहे.”

“बरा,” असं म्हणून ते गेले. कुणाला एक शब्दही बोलले नाहीत. मी मात्र त्यांचं बोलणं एका कानानं ऐकून सोडून दिलं, आणि पुढचं सगळं रामायण त्यातून झालं.

झबल्याची रचना अगदी सोपी होती. ताईनं माझी कुवत बघून ठरवली होती. पुढचा एक चौकोन, मागचा एक चौकोन. दोन्ही बाजू शिवायच्या, हातांना जागा सोडायची. वर दोन्ही खांदे शिवायचे आणि मधे गळ्यासाठी जागा सोडायची. ताईची मापं सगळी बोटांची. लांबी एक वीत आणि तीन बोटं. हातांसाठी पाच बोटं. गळा आठ बोटं.

आता मी पडलो तपासनीस. मिलिमीटरच्या शंभराव्या भागासाठी लोकांशी भांडणारा. ‘बोट’ हे माप मला सहन होईना. मी एका रविवारी कॅलिपर घरी आणला आणि ताईच्या डाव्या हाताची बोटं मोजली.

“गुदगुल्या होतात रे! हे काय चालवलंयस?”

“तुझं बोट सोळा मिलिमीटर आहे. आठ म्हणजे जवळजवळ तेरा सेंटिमीटर. एवढ्याशा पोराला एवढा गळा? खांद्यावरून घसरेल.”

“आजवर कुणाचं घसरलं नाही.”

मला पटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी कारखान्यात मी झबल्याचा रीतसर नकाशा काढला. समोरून, मागून, बाजूनं. कोपऱ्यात चौकट आखून लिहिलं : ‘झबलं, सुती, एक नग.’ खाली : ‘चूक चालेल : अर्धा टाका.’ गळ्याचं माप काढायला मी माझी बनियन टेबलावर पसरली, तिची छाती मोजली, गळा मोजला, प्रमाण काढलं आणि त्या प्रमाणात बाळाच्या छातीला गळा बसवला. उत्तर आलं साडेचार बोटं. मी उदार होऊन पाच धरली. ताईला दाखवलं नाही. जुन्या लोकांना प्रमाणबद्धता समजत नाही, असं मनाशी म्हणालो. माझं वय तेव्हा अठ्ठावीस.

दरम्यान घाटकोपरच्या फेरीत बायकोनं माझ्या पँटवरून पांढरा सुताचा पुंजका उचलला.

“अहो, हे काय? मागच्या रविवारीही होता.”

“कापूस आहे.”

“देवाच्या वाती वळायला लागलात की काय? मी नाही तर इतके धार्मिक झालात?”

“मन रमवायला काहीतरी हवं ना,” असं मी म्हणालो. बायको हेलावली. सासूबाईंनी मला जास्तीचा लाडू दिला. तो खाताना मला अजिबात लाज वाटली नाही, हे इथं नोंदवून ठेवतो.

बाळ दहा दिवस आधी आलं. मुलगी. निरोप कारखान्यात फोनवर आला तेव्हा माझ्या पिशवीत पुढचा चौकोन पूर्ण आणि मागचा निम्मा होता. मधल्या दिवसांत मी कसा विणलो ते मला आठवतही नाही. बसच्या थांब्यावर उभा राहून विणलो, हे नक्की, कारण वर्तमानपत्राचं सोंग तिथंच सुटलं. बारशाच्या आदल्या दिवशी दुपारी शेवटची ओळ बंद केली. ताईनं दोन्ही चौकोन पलंगावर एकमेकांवर ठेवले, कडा जुळवल्या, उजेडाला धरले. एका जागी वीण चुकून उलटीची सुलट झाली होती. तिथं तिनं बोट ठेवलं. मी म्हटलं, “उसवू?”

“नको,” ताई म्हणाली. “राहू दे. ओळखायला खूण.” मग, “बाजू शिव, खांदे शिव. गळा आठ बोटं सोड. मी जरा पडते, हात ठणकतोय.”

मी बाजू शिवल्या. खांदे शिवायला घेतले. आठ बोटांची जागा खरंच भोकाडासारखी दिसत होती. मी नकाशा काढला, उघडून समोर ठेवला आणि दोन्ही बाजूंनी खांदे आणखी दीड-दीड बोट आत शिवत आणले. वर गाठी अशा मारल्या की त्या सुटायला पाना लागला असता. इस्त्री केली, गुलाबी कागदात बांधलं, वर सॅटिनची रिबीन. ताई उठून आली.

“दाखव.”

“आता बांधलं ना. उद्या बघ.”

“आठ बोटं सोडलीस?”

“हो गं.”

मी मापात आयुष्य घालवलेला माणूस, आणि तिच्याशी मापातच खोटं बोललो.

दुसऱ्या दिवशी घाटकोपरला सासऱ्यांच्या दोन खोल्या माणसांनी भरल्या होत्या. पाळणा सजवलेला, घुगऱ्यांचं पातेलं दाराशी. माझ्या कारखान्यातून मिस्त्री आले होते, पांढरा शर्ट, केसांना तेल. ताईनं तिच्याजवळची एकमेव जरीची साडी नेसली होती आणि प्लास्टर पदराखाली झाकून घेतलं होतं. तिनं गुलाबी कागद उघडला. बायकांनी “अय्या!” केलं. झबलं हातोहात फिरलं.

“पडायच्या आधीच करून ठेवलं होतंत? आणि त्या दिवशी बोलला नाहीत! नशीब हो!” सासूबाई म्हणाल्या.

ताईनं माझ्याकडे एक ओझरतं बघितलं आणि म्हणाली, “हं.”

बायकोनं बाळाला मांडीवर घेतलं. ताईनं डाव्या हातानं झबलं धरलं, बायकोनं दुसऱ्या बाजूनं आणि दोघींनी ते बाळाच्या डोक्यावरून घालायला घेतलं.

टाळूपर्यंत आलं. कपाळापर्यंत आलं. भुवयांवर अडलं.

“जरा ओढा.”

“ओढतेय. येत नाहीये.”

बाळानं एकदा श्वास घेतला आणि मग असा टाहो फोडला की खालच्या मजल्यावरचे लोक घुगऱ्या घ्यायला आले आहेत की चौकशीला, ते समजेना. झबलं कानांवर घट्ट बसलं होतं, टोपीसारखं. त्या क्षणी माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बाळ म्हणजे छोटा माणूस नव्हे. बाळ म्हणजे मुख्यतः डोकं, बाकीचं नंतर यायचं असतं. आणि माझ्या बनियनीतला माणूस अठ्ठावीस वर्षांचा होता. दाराजवळ मिस्त्री छताकडे बघत उभे होते. त्यांच्या ओठांवरून मी नक्की वाचलं : “टकली.”

झबलं वर काढलं. बाळाच्या कपाळावर विणीचा लाल ठसा उमटला होता.

सासूबाई मुद्दाम टोचून बोलणाऱ्यांतल्या नव्हेत, पण बोलून गेल्या, “ताई, तुम्ही इतकी वर्षं शिवण शिकवता, आणि गळा चुकला?” मागून कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, “तो तयार फ्रॉक आणलाय ना गं, तोच घाला आता.” एक बाई तो आणायला आतल्या खोलीत वळलीसुद्धा.

ताईनं झबलं मांडीवर घेतलं. खांद्याच्या शिवणीवर तिचं बोट गेलं, तिथून दुसऱ्या खांद्यावर. मोजायची तिला गरज नव्हती. तिला सगळं कळलं. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. मला वाटलं, आता ती माझ्याकडे बघेल. तिनं बघितलं नाही. ती सासूबाईंना म्हणाली, “हो. चुकलंच माझं.”

सूचना, जिना, प्लास्टर हे सगळं तिनं हसण्यावारी नेलं होतं. पण आपल्या कामाबद्दल ‘चुकलं’ हा शब्द मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. माझे पाय मागे मागे सरकून दाराशी पोचले होते. अजून एक पाऊल आणि मी जिन्यात असतो.

“ताईचं चुकलेलं नाही,” मी म्हणालो. आवाज किनरा निघाला. “तिनं आठ बोटं सांगितली होती. मी पाच ठेवली. ते झबलं मी विणलंय.”

बाळसुद्धा रडायचं थांबलं.

“तुम्ही?” बायको म्हणाली.

“मी. ताई पडली त्यानंतर. बसमधे. टेबलाखाली. सोसायटीच्या सभेत.”

“म्हणजे त्या वाती...”

“वाती नव्हत्या.”

बायकोनं झबल्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि तिला जे हसू फुटलं ते थांबेचना. बाळ तिच्या मांडीवर हिंदकळायला लागलं. मग सासूबाई हसल्या, मग सगळं घर. माझे सासरे, ज्यांना मी तोवर कधी दात दाखवताना पाहिलं नव्हतं, ते भिंतीला धरून उभे राहिले. मिस्त्री मोठ्यांदा म्हणाले, “मी बघलंय! टेबलाखाली! पण इणता बरा हां तो, ह्या खोटा सांगूचा नाय!”

हसणं ओसरल्यावर एका म्हाताऱ्या आजींनी खरा प्रश्न विचारला. “पण मग हे आत्याच्या हातचं कसं झालं? हे तर बापाच्या हातचं.”

फ्रॉक आणायला गेलेली बाई फ्रॉक घेऊन दारात उभी होती.

ताईनं मान वर केली. “आजी, हे हात कुणी तयार केलेत? पाटीवर पहिलं अक्षर गिरवताना याचा हात माझ्या हातात होता. अजूनही धरल्याशिवाय सरळ चालत नाही.” मग माझ्याकडे वळून, शाळेतल्या आवाजात, “उभा काय राहिलास? इकडे ये. खांदे उसव. दीड-दीड बोट.”

मी पुढे गेलो, मांडी घालून बसलो. कुणीतरी सेफ्टी पिन दिली. माझ्याच आवळलेल्या गाठी सोडवताना मला घाम फुटला. सगळ्या बायका माझ्या हातांकडे वाकून बघत होत्या, आणि ताई वरून सांगत होती, “दोरा ओढू नकोस. उचल. आता पुढचा. हं.” दोन्ही खांदे उसवले, सैल टाका घालून टोकं पक्की केली. ताईनं डाव्या हाताची चार बोटं गळ्यावर आडवी ठेवली, मग पुढे सरकवून पुन्हा चार.

“आता घाल.”

डोकं आत गेलं आणि अलगद बाहेर आलं, जसं काही कधी अडलंच नव्हतं. बाळानं जांभई दिली. छातीवर, डाव्या बाजूला, ती उलटीची सुलट झालेली वीण दिसत होती. फ्रॉक परत आतल्या खोलीत गेला.

बाळाला पाळण्यात घातलं. ताई वाकली आणि कानात नाव सांगितलं. आता आत्यानं नाव सांगितलं की तिच्या पाठीत धपाटे घालायची रीत असते, आणि बायका पदर खोचून तयारच होत्या. पण सासूबाईंनी हात वर केला.

“थांबा गं. त्यांचा हात मोडलाय. आणि विणलंय कुणी?”

मी “अहो, पण” म्हणेपर्यंत मला पाळण्याशी वाकवलं होतं. पहिला धपाटा सासूबाईंचा, जावयाचा मान राखून. मग बायकांचे, मान न राखता. बायकोनं बसल्या जागेवरून हात लांब करून एक घातला. मिस्त्रींनी विचारलं, “बाप्यांक चलता काय?” आणि उत्तराची वाट न बघता, तीस वर्षं लेथ चालवलेला हात माझ्या पाठीवर आला. मला वाटलं, संपलं. मी सरळ व्हायला लागलो.

तेवढ्यात मागून काहीतरी पांढरं, टणक आणि जड माझ्या दोन खांद्यांच्या मधोमध येऊन बसलं. वळून बघतो तर ताई. पदर बाजूला केलेला, प्लास्टरचा हात अजून वर.

“हा जिन्याचा,” ती म्हणाली.